मधली नळी

जुन्या ट्रकचा रेडिएटर बापलेकांनी मिळून उतरवला. गिअरबॉक्सचं ऑइल थंड करणारी नळी त्याच्या पाण्यातून जायची. तीच आत फुटली होती आणि पाण्यात ऑइल, ऑइलात पाणी होऊन बसलं होतं. नवा रेडिएटर बसला, तरी वडील ऑइलसाठी वेगळा कूलर लावायला लागले.

“नव्यातही नळी आहे की. वेगळा कशाला?” मुलानं विचारलं.

“पाणी तापतं, ऑइलही तापतं. दोघांची धग ती मधली नळी सोसते. कुरकुरत नाही, म्हणून कुणाचं लक्ष जात नाही. मग एक दिवस फुटते.”

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. सकाळीच बापलेकांचं कडाक्याचं वाजलं होतं. तिनं आधी मुलाचा चेहरा पाहिला, मग नवऱ्याचा. दोघंही शांत दिसले, तेव्हा कप ठेवून ती आत गेली.

वडील दाराकडे बघत राहिले.

“पलीकडच्या गल्लीत खोली बघून आलास म्हणे.”

मुलाच्या हातातला पाना थांबला. “आई बोलली?”

“ती कशाला बोलेल? घेऊन टाक ती खोली. जेवायला इकडेच येत जा. पण तिला जरा उसंत मिळू दे.”