झाकणभर ऑइल

"रेस द्या, आबा!" बॉनेटमध्ये डोकं घालून हरिओम ओरडला. सटवानं पाय दाबला आणि गाडीच्या मागून निळ्या धुराचा लोट निघाला. अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. वाड्यातल्या मेंढ्या शिंकायला लागल्या. दारात उभ्या असलेल्या ताराबाईनं नाकाला पदर लावला, पण ती जागची हलली नाही.

हरिओमचं गॅरेज बीडच्या रस्त्याला. त्याचा हात चांगला चालतो, आणि जीभ हातापेक्षा चांगली. "पांढरा धूर म्हंजी पाणी, काळा म्हंजी पेट्रोल जास्त, अन् निळा म्हंजी ऑइल जळतंय," त्यानं सांगून टाकलं. "सुरू केल्यावर जरासा येऊन थांबला असता, तर सील गेलं म्हणलो असतो. ह्यो थांबतच न्हाई. पिस्टनच्या रिंगा गेल्या, आबा. गाडी जुनी हाय, इंजन खोलावं लागंल."

"खोलायचं न्हाई," सटवा गाडी बंद करत म्हणाला. "भंगारवाल्याला सांग. आजच."

ताराबाईनं नाकाचा पदर खाली घेतला.

गाडी लेकीची होती. म्हणजे जुनी बघून घेतली सटवानंच, निम्मा कळप विकून, लेक बीडच्या एका दवाखान्यात नर्स झाली तेव्हा. चालवायची मात्र ती. सटवा शेजारी बसायचा, खिडकीतून कोपर बाहेर काढून. धरणाच्या वाटेला ओळखीचं माणूस दिसलं की उगाच मोठ्यानं खाकरायचा. मग लेकीनं दवाखान्यातल्याच अनिलशी आपल्या मनानं लग्न केलं. जात वेगळी. सटवानं दारातच सांगितलं, "आजपासून तिचं नाव या घरात काढायचं न्हाई." तिनं गाडीची किल्ली उंबऱ्यावर ठेवली. "ऑइल कमी पडू देऊ नका," एवढंच म्हणाली आणि गेली.

त्याला अडीच वर्षं झाली. घरात नाव निघालं नाही, म्हणून आपणही ते इथं काढायला नको. पाली ते बीड अंतर ते केवढं, दहा-बारा किलोमीटर. पण अबोला धरला की तेवढंही सरत नाही.

गाडी चालवता येणारं आता घरात कुणी नव्हतं. तरी सटवा दर रविवारी ती पाच मिनिटं जागेवरच सुरू करायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "बॅटरी उतरल्यावर घेतंय कोण?" आणि विकायला काही काढायचा नाही. ताराबाई ती पाच मिनिटं चुलीपुढं डोळे मिटून बसायची. त्या आवाजात तिला वाटायचं, लेक ड्यूटीला निघालीय, आता 'आई, डबा' म्हणून हाक मारेल. लेकीची फार आठवण यायची तिला. आठवड्याची ती पाच मिनिटंच काय ती तिच्या वाट्याला उरली होती, आणि तीही आता भंगारात चालली होती.

"हरिओम," ती पायरी उतरून आली. "एकदा ऑइल तर बघ, बाबा."

"मावशी, निळा धूर म्हणल्यावर बघायचं काय त्यात?"

"बघ म्हणते ना."

हरिओमनं तोंड वाकडं करत ऑइल मोजायची पट्टी ओढली, फडक्यानं पुसली, परत आत घालून काढली. आणि गप्प झाला. हरिओम गप्प झाला ही पालीत बातमी होते. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असायला हवं होतं. ते वरच्या खुणेच्याही वर चार बोटं चढलं होतं.

"रिंगांना काय झालं न्हाई," तो पट्टीकडं बघतच म्हणाला. "ऑइल लई जास्त झालंय. तेच वर चढून जळतंय. एवढं वतलं कुणी?"

ताराबाईनं नवऱ्याकडं बघायचं टाळलं. "मी," ती म्हणाली. "शनिवारी मारुतीला तेल घालून आले की हिलाबी घालते. ह्ये मेंढराकडं गेले की. झाकणभरच." कणगीमागचा पाच लिटरचा डबा तिनं आणून दाखवला. लेकीनंच ठेवलेला.

हरिओमनं डबा हलवला. निम्म्याहून जास्त भरलेला होता. "यातनं गेलं असंल दीड लिटर. आत तीन लिटर जास्तीचं हाय. दुसरं कोण वततंय?"

सटवा गाडीतून उतरला. मेंढ्यांच्या वाड्यात गेला. लोकरीच्या पोत्यामागून त्यानं तसलाच एक डबा आणला, धुळीनं चिकट झालेला, आणि बायकोच्या डब्याशेजारी ठेवला.

"तू बाजारला गेलीस की," तो जमिनीकडं बघत म्हणाला. "कमी पडू देऊ नका म्हणलती."

ताराबाईला हसू फुटलं आणि हसता हसताच ती रडायला लागली. एवढी वर्षं एका घरात राहून दोघं एकमेकांपासून चोरत होते काय, तर एक झाकण ऑइल.

हरिओमनं खालचा बोल्ट सैल केला आणि जास्तीचं ऑइल घमेल्यात काढलं. गाडी सुरू केली. आधी धूर आला, मग विरळ झाला, मग थांबला. मेंढ्याही गप्प झाल्या.

"झालं काम," हात पुसत हरिओम म्हणाला. "आता बीडला न्या न्हाईतर मुंबईला. पण चालवणार कोण, आबा?"

सटवानं गाडीची किल्ली काढली. धोतराच्या सोग्याला पुसली. घसा खाकरला, पूर्वी धरणाच्या वाटेला खाकरायचा तसा.

"मोहिनी," तो म्हणाला.