तीस वेळा चावून

“दादा, आधी वहिनीचं नाव घे, मग घास!” लग्नाच्या पंगतीत नणंद ओरडली होती. नवरदेवानं अख्खी जिलबी तोंडात कोंबली आणि भरल्या गालांनी हात जोडून उखाणा टाळला. तेव्हापासून सत्तावीस वर्षं शरयू त्याच्या तोंडी नुसती ‘अगं’ होती.

आता वजन कमी करायच्या ऑपरेशननंतर, पातळ सूप-ताकाचे दीड महिने संपवून, तो पहिल्यांदा मऊ वरणभाताला बसला होता. डॉक्टरांचा नियम एकच: घास बोराएवढा, तीस वेळा चावून.

शरयूनं चमचा ओठांपाशी नेऊन थांबवला. “आधी नाव. मग हा घास.”

“अगं, या वयात?”

“मग ताकच घ्या.”

त्यानं मान पुढं करून घास पळवला आणि गालाकडं बोट दाखवलं: चावतोय. ती वाटी स्वतःकडं ओढून मोठ्यानं मोजू लागली. तीस झाले. आता लपायला तोंडात जिलबी नव्हती. त्यानं वाटीकडं पाहिलं, मग तिच्याकडं, आणि तेव्हासारखेच हात जोडून म्हणाला,

“पोट झालं मुठीएवढं, भूक झाली थोडी,
शरयूच्या हातच्या भाताला जिलबीची गोडी.”