वायर काढून परत लावा

मस्कतहून यज्ञेश दर रविवारी कॉम्प्युटरवर रत्नागिरीला आईबाबांशी बोलायचा. आज बाबा एकटेच समोर बसले होते. पडद्यावर त्यांचं तोंड एका बाजूला ओढल्यासारखं दिसत होतं, आवाजही अडखळत येत होता.

"बाबा, कॅमेरा बिघडलाय. वायर काढून परत लावा बघू."

बाबांच्या हातातून वायर दोनदा निसटली. तिसऱ्यांदा लागली, पण चित्र तसंच. यज्ञेश पडद्याजवळ सरकून ओरडला.

"आई! आई, इकडे ये!"

मालिनीताई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या आणि थेट कॅमेऱ्यासमोर वाकल्या. "काय रे, दिसत्ये का मी?"

त्या अगदी नीट दिसत होत्या.



"आई, कॅमेरा ठीक आहे. बाबांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने!"