परकी नजर

दुपारी विभावरीने कानामागची कळ दाबली. कळ दाबली की सकाळी लिहिलेलं सगळं डोक्यातून पुसलं जाई आणि मग स्वतःचंच पुस्तक तपासताना तिचा हात कचरत नसे. ही दिनचर्या तिला मानवली होती. आज मात्र जीव थाऱ्यावर नव्हता. प्रकरणाचं नाव होतं ‘आई’, आणि खोडायला एक शब्द सापडेना.

“सुबोध, सकाळी मी काही बोलले का रे?” तिने नवऱ्याला विचारलं.

“आईंबद्दलचं सगळं ओतलं, आता काहीच उरलं नाही, म्हणालीस.”

तेवढ्यात एक म्हातारी चहा घेऊन आत आली. “विभे, निवतोय गं.”

विभावरी अदबीने उठली.

“तुम्ही कशाला त्रास घेतलात, काकू?”