घरातला तिसरा आवाज

स्वयंपाकघरात कोणीतरी बाई बोलत होती.

फोरमन दारातच थबकला. एक चप्पल पायात, एक हातात. आवाज जाडसर होता, थोडा घोगरा, आणि वाक्य संपता संपता शेवटचा शब्द किंचित ओढला जात होता. पाहुणी म्हणावी, तर दाराशी दुसरी चप्पल नव्हती. तो दबक्या पावलांनी आत गेला. टेबलाशी बायको एकटीच बसली होती. समोर नवा कॉम्प्युटर. तिची बोटं हलली आणि ती बाई पुन्हा बोलली, "आलात? हात धुऊन घ्या."

तो हातातल्या चपलेसह तसाच मोरीकडे वळला.

बायकोच्या गळ्याचं ऑपरेशन होऊन सहा वर्षं झाली होती. आजार गेला, पण जाताना आवाज घेऊन गेला. तेव्हापासून ती टाइप करायची आणि कॉम्प्युटर तिच्या वतीनं बोलायचा. त्यातला आवाज फोरमननंच पसंत केला होता. नाजूक, गोड, बँकेच्या फोनवर थांबायला सांगणाऱ्या मुलीसारखा. त्याला घरात मैना म्हणत. मैना कधी चिडायची नाही. बायको रागानं कीबोर्ड बडवत असली तरी मैना लाडातच बोलायची, आणि मग दोघांनाही हसू यायचं. निदान फोरमनला तरी यायचं.

पंधरवड्यापूर्वी जुन्या कॉम्प्युटरनं मान टाकली. मेहुणीनं नवा आणून दिला आणि दोघी बहिणी दोन दुपारी दार लावून त्याच्याशी खटपट करत बसल्या. त्यातून ही बाई निघाली.

गॅरेजमध्ये फोरमन कानाचा पक्का म्हणून ओळखला जायचा. बॉनेट न उघडता, नुसत्या घरघरीवरून तो गाडीचं दुखणं सांगे. म्हणूनच त्याला चैन पडेना. हा आवाज त्यानं कुठंतरी ऐकला होता. नक्की ऐकला होता. पण चेहरा आठवायला जावं, तर समोर नुसता अंधार. जेवताना त्याला वाटे, पाठीशी कोणीतरी उभं आहे. तो आंघोळीला गेला की बाहेर ती बाई बोलायला लागे. तेच वाक्य, पुन्हा पुन्हा, जणू कोणी पाठ करतंय. नळ बंद केला की गप्प. समोर नव्यानं राहायला आलेल्या शेजारणीनं त्याला जिन्यात गाठून विचारलं, "तुमच्याकडे पाहुण्या आल्यात का हो? छान बोलतात." तो काहीतरी पुटपुटून खाली उतरला.

शनिवारी चहा पिताना बाईनंच विषय काढला. "कसा वाटतो आवाज?"

"खरं सांगू?" फोरमननं कप खाली ठेवला. "घरात मेलेलं माणूस फिरतंय असं वाटतं."

बायकोनं कीबोर्ड पुढे घेतला. मग सावकाश, एकेक अक्षर शोधावं तसं तिनं टाइप केलं.

"कोणासारखा वाटतो?"

"असेल कोणाचाही. आपल्या घरातला नाही. मला मैना परत हवी."

त्यानंतर ती बाई बोलली नाही. बायकोनं कॉम्प्युटरवर कापड टाकलं आणि दिवसभर खुणांवर भागवलं.

रविवारी सकाळी दुरुस्तीवाला आला. त्यानं खुर्ची ओढली, इकडेतिकडे पाहिलं आणि मान हलवली. "काका, यात अगदी नवी सिस्टीम आहे, तीही वरच्या दर्जाची. तुमची मैना जुन्या सिस्टीमची. ती इथं उघडणारच नाही. जुनी साधी सिस्टीम घालावी लागेल. म्हणजे नव्या बंगल्यात जुन्या खोलीचा संसार मांडायचा. निम्मं मशीन वाया जाईल."

"जाऊ दे."

"आणि आतलं सगळं पुसावं लागेल. आवाजाचं बरंच काही साठवलेलं दिसतंय. कॉपी काढून ठेवू का, काकू?"

बायको दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. तिनं दुरुस्तीवाल्याकडे पाहिलंच नाही. ती नवऱ्याकडे बघत होती, डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना बघावं तशी.

"तिचं काय असणार त्यात?" फोरमन म्हणाला. "चार दिवसांचं तर मशीन आहे. पुसा तुम्ही."

दुरुस्तीवाला तरी थांबला. बायकोनं 'पुसा' अशी हळूच मान डोलावली.

पुसायला फार वेळ लागला नाही. जुनी सिस्टीम बसायला मात्र दुपार झाली. दोनदा अडली, एकदा पडदा काळा ठिक्कर पडला. शेवटी एकदाचा तो परिचित सूर खोलीत किणकिणला. "नमस्कार. मी तयार आहे."

फोरमनच्या छातीवरचा दगड उतरला. दुरुस्तीवाल्याला जिन्यापर्यंत पोचवून तो परत आला आणि बायकोशेजारी खुर्ची घेऊन बसला. घर पुन्हा दोघांचं झालं होतं. त्याला आता हसूही येत होतं.

"गेली बाई एकदाची," तो म्हणाला. "पण खरंच सांगतो, मी तिला कुठंतरी ऐकलंय. डोक्याचा भुगा झाला विचार करून. तुम्ही दोघींनी कुठून आणली होती तिला?"

बायकोनं कीबोर्ड जवळ ओढला. तिनं बोटं त्यावर टेकवली. मग ती भराभरा चालली, आणि मैना तिच्या नेहमीच्या लाडिक, हसऱ्या सुरात बोलली.

"अंधशाळेसाठी मी पुस्तकं वाचायचे, त्या कॅसेटी धाकटीनं जपून ठेवल्या होत्या. त्यावरून बनवली. तो माझाच आवाज होता."