सोलॉयची माणसं

"पुन्हा म्हणा बरं," प्रोफेसर म्हणाले. "'आम्ही आलो' हे एवढं ताणतात तुमच्याकडे?"

मुलाच्या आईने कप खाली ठेवला. लेकासाठी प्रोफेसरांची मुलगी मागायला आली होती बिचारी, आणि पहिल्याच वाक्याला सापडली. तिच्या गावात सगळेच वाक्याच्या शेवटी हेल काढतात. लेकही काढायचा. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासणारा तो मुलगा भीतीने तोंडच उघडत नव्हता.

मुलगी चहाचा एक कप आतल्या खोलीत देऊन आली आणि दार लोटून तिथेच उभी राहिली.

"आजोबा आहेत ना आत? बोलवा की त्यांनाही," आई म्हणाली.

"वडिलांना आता बोलता येत नाही," प्रोफेसर घाईने म्हणाले.

आणि मग सुटले. इंग्रजी शब्दांची मुळं उकरण्यात या गृहस्थांची हयात गेलेली. साध्या बाईचा पाणउतारा करायचा, तरी यांना थेट ग्रीसपासून सुरुवात!

"व्याकरणाच्या चुकीला इंग्रजीत सॉलेसिझम म्हणतात. कुठून आला हा शब्द? सोलॉय नावाच्या जुन्या ग्रीक वसाहतीवरून. तिथली माणसं इतकं गावंढळ ग्रीक बोलायची, की अथेन्सवाल्यांनी चुकीलाच त्यांच्या गावाचं नाव देऊन टाकलं! गाव ओस पडलं, चूक तेवढी राहिली." स्वतःच्याच बोलण्यावर ते खूश होऊन हसले.

"तिथे ती माणसं आली कुठून?" आईने विचारलं.

"अथेन्सहूनच, असं सांगतात."

"म्हणजे घरचेच हसले म्हणायचे."

प्रोफेसरांचं हसू मावळलं. असल्या माणसांना टोला देता येतो, घेता येत नाही.

"हे पाहा बाई, उद्या माझी नातवंडं तुमच्यासारखी बोलायला लागली तर लोकांत तोंड दाखवायला जागा राहणार नाही मला. हे लग्न होणार नाही. या तुम्ही."

मुलीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. बापापुढे बोलायची तिची कधी छाती झाली नव्हती, आजही झाली नाही. मायलेक उठले. खुर्च्या करकरल्या. दारात चपला वाजल्या.

तेवढ्यात आतल्या खोलीतून एक म्हातारा आवाज आला. शेवटच्या शब्दावर हेल, अगदी त्या आईसारखाच.

"गेले का गं पाहुणे? बोलू का मी आता?"