जलद मार्गिकेतला चौथा

जग परोपकारावर चालतं. पेट्रोल वाटून घेतलं तर जरा जास्त चालतं.

दातांच्या डॉक्टरांच्या गाडीत पुढे शिक्षिकाबाई आणि मागे कारकून बसून रोज शहरात जात. चौथा भिडू नोकरी सोडून गेला होता, आणि जलद मार्गिकेत चार माणसं असली तरच गाडी सोडत. कारकुनाला आणखी एकदा उशीर झाला, की ऑफिसातून नारळ मिळणार होता. म्हणून आठवडाभर तिघंच त्या मार्गिकेत शिरत होते.

"डॉक्टर, पकडलं तर?"

"आठवडाभर पकडलं का? मग उगाच आ वासू नका."

मार्गिकेच्या तोंडाशी कॅमेरा गाडीतली माणसं मोजी आणि पाटीवर आकडा दाखवी. आकडा रोज चारच येई. यंत्राचं डोकं फिरलंय, म्हणून तिघं हसत.

आज बाई रजेवर होत्या. पाटी जवळ आली, तशी कारकुनाने गाडीतली माणसं मोजली. दोन.

शेजारच्या रिकाम्या सीटचा पट्टा सावकाश ओढला गेला आणि खट्‌कन लागला. मग बाईंच्या सीटचाही लागला.

पाटीवर चार.

डॉक्टर आरशात न बघता पुटपुटले, "भाऊ, जरा सरकून घ्या. त्यांना अडचण होतेय."

कारकून सरकला.

ऑफिसात तो पाच मिनिटं आधी पोहोचला.